तिच्या टाकाचा रुपया

जुना चांदीचा रुपया विकत घ्यायला निघालात तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वाजवून घेऊ नका. आमच्या लिंबायत वस्तीतली म्हातारी माणसं अजून तसंच करतात. रुपया अंगठ्यानं उडवायचा, फरशीवर पडू द्यायचा, खणकन वाजला की खरा आणि थप्प वाजला की खोटा. मीही तसाच घेतला आणि फसलो. माझं फसणं तर ठरलेलंच होतं. सगळी उमर लूमच्या खात्यात उभी राहून काढली. खात्यात शंभर माग एकदम धडधडत असले की शेजारचा माणूसही हातवारे करून बोलतो. घरी आल्यावर मला बायकोची हाक ऐकू यायची नाही. मग ती हाक मारायचीच नाही, मागून येऊन खांद्याला हात लावायची. असल्या कानांना मी रुपयाचा खरेपणा विचारायला गेलो.

रुपया हवा होता टाकासाठी. ज्यांच्याकडे ही रीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर आकृती. घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करायचा आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी देव्हाऱ्यात देवांशेजारी बसवायचा. मग ते माणूस घरातच आहे असं धरून चालायचं. आमच्या भावकीत टाक नव्या चांदीचा करत नाहीत. राणीच्या नाहीतर राजाच्या वेळचा रुपया सोनाराला द्यायचा आणि समोर बसून ठोकून घ्यायचा. माझ्या आजोबांचा तसा झाला, वडिलांचा तसा झाला, चुलत्याचाही झाला.

माझी बायको दिवाळीच्या तोंडावर गेली. आजार काय होता ते लिहीत नाही. ती असती तर तिनं लिहू दिलं नसतं. मुलगा हजिऱ्याला कंपनीत कंत्राटावर कामाला आहे, तो आणि सून माझ्याजवळच राहतात. मी मुलाला म्हटलं, तुझ्या आईचा टाक करायचा. तो बरं म्हणाला. त्याला वाटलं, दुःखात बोलतोय म्हातारा, विसरून जाईल.

दहाव्याला गावाकडून माझा मोठा चुलतभाऊ आला. आम्ही त्याला आबा म्हणतो. भावकीत आता सगळ्यात मोठा तोच. पिंडाचं आटोपलं, माणसं जेवायला बसली, तेव्हा मी विषय काढला.

"टाक? कोना टाक?" आबा म्हणाला.

"तिचा."

"आपलामा बाईना टाक बसस का कधी?" तो असा ओरडला की माझ्यासारख्या बहिऱ्यालाही ऐकू जावं.

बसत नाही, हे खरं. आमच्यात बाईचा टाक होतो, पण तो एकाच कारणानं. बाई गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर ती नवी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते. पहिलीनं तिला छळू नये म्हणून. म्हणजे मेलेल्या बाईचं भय वाटलं तर तिला चांदी. मी हे आयुष्यभर बघत आलो होतो आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी पत्रावळीवर बसल्या बसल्या वाटलं.

"म्हणजे मी दुसरी आणली तर हिला टाक, आणि नाही आणली तर हिला काही नाही. हा कुठला न्याय?"

"मंग आन दुसरी," आबा म्हणाला. "कोन नको म्हनस? ह्या वयमा तुले कोनी देत व्हई तर आन!"

सगळी पंगत हसली. दहाव्याच्या जेवणात माणसं पोट धरून हसली. मीही हसलो असतो, आणि ती असती तर सगळ्यात आधी तीच हसली असती. पण ती नव्हती, म्हणून मी हसलो नाही. म्हटलं, "आबा, टाक होणार. तू वर्षश्राद्धाला ये आणि बघ."

आबा पाणी प्यायला आणि म्हणाला, "करशी ते कर. पन आपला पितरसना शेजारे बसू देवाव नही."

हे पितर, म्हणजे आमच्या बापजाद्यांचे टाक, माझ्याच घरात होते. आबानं गावचं घर पाडून नवं बांधायला काढलं तेव्हा ते आमच्याकडे आणून ठेवले होते. नवं घर उभं राहिलं, त्यावर टाकी बसली, गेट लागलं, पण टाक इथेच राहिले. कारण रोज सकाळी त्यांना आंघोळ घालून हळदकुंकू लावायचं काम आबाच्या घरात कोणाला नको होतं. माझी बायको करायची. साडीवर खडे चिकटवायला आणि सुटलेले धागे कापायला दलाल गठ्ठे टाकून जायचा, ते उघडण्याआधी ती आमच्या बापजाद्यांना आंघोळ घालायची.

आणखी एक सांगतो आणि मग रुपयाकडे वळतो. लग्नात तिच्या गळ्यात माहेरची रुपयांची माळ होती. प्रत्येक रुपयाला वर कडी डाख देऊन जोडलेली आणि रेशमाच्या गोफात ओवलेली. लिंबायतची ही खोली घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं ती माळ स्वतः काढून दिली. मी मागितली नव्हती. "गळ्यात वजन होतं," एवढंच म्हणाली. तेव्हा ह्या घरात चांदी कोणाची बसावी हे मला आबानं सांगायचं कारण नाही.

मुलानं आपल्या परीनं वाट काढली. एक दिवस मोबाइल पुढे धरला. "पप्पा, रेडिमेड मिळतो. मशीनमध्ये छापतात. बघा किती छान फिनिशिंग आहे."

बघितलं. एक बाई हात जोडून उभी होती.

"ही कोण?"

"कोणी नाही. बाईचा टाक आहे."

"तुझ्या आईसारखी दिसते का?"

"पप्पा, टाकात कोण कोणासारखं दिसतं? आजोबांचा टाक काय आजोबांसारखा दिसतो?"

हे बरोबर होतं, म्हणून मी चिडलो आणि मोबाइल त्याच्या हातात कोंबला.

नदीकाठी शनिवारी जुना बाजार भरतो. जुनी कुलुपं, बंद घड्याळं, मोटारीचे सुटे भाग, एकेकटे बूट, सगळं तिथं मिळतं. कपडा अंथरून नाणी विकणारेही बसतात. मी पहिल्याच शनिवारी एक रुपया पसंत केला. राजाचा होता. डोकं स्वच्छ, मुकुटाचा एकेक मणी मोजता यावा असा, आणि चकचकीत. देवाचं काम आहे, तर घासलेलं-झिजलेलं कशाला न्यायचं, हा आमचा विचार. तुळशीला नवी कुंडी घेतो तसा. विकणाऱ्यानं तराजूत घालून दाखवला, बरोबर तोळाभर भरला. मी दगडावर टाकला. वाजला. निदान मला तरी वाजल्यासारखं वाटलं. घेतला.

सोनार माझ्या सासुरवाडीच्या गावचा. म्हणजे गावच्या नात्यानं तो तिचा भाऊ आणि मी त्याचा दाजी. मेहुण्यांना दाजीची टर उडवायचा हक्कच असतो आणि तो हा हक्क कधी वाया घालवत नाही. त्याचं दुकान म्हणजे गल्लीतलं एक कपाट. तो रुपया त्यानं विस्तवावर धरला. रुपया काळा पडला. गार करून ऐरणीवर ठेवला, हातोडी घातली. चांदी असती तर ती कणकेसारखी पसरली असती. ह्याला काठाला चिरा गेल्या.

"दाजी, हे काय आणलं?"

"रुपया."

"रुपया आहे हो. चांदी अर्धीच आहे. लढाईच्या वेळचा आहे, तेव्हा सरकारनं चांदी कमी करून टाकली होती. तुम्हाला एवढंही माहीत नाही? आमच्या ताईनं तुम्हाला कसं निभावलं?"

"वजन बरोबर भरलं की."

"वजन तेवढंच ठेवलं होतं. लोकांना कळू नये म्हणून तर." त्यानं चिरलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "काठ बघा. ज्याच्या काठाला दात्यांच्या मधोमध चर आहे, तो घेऊ नका. साधे सरळ दाते असतील तो घ्या. आणि वाजवू नका. तुमच्या कानाला हा काय आणि देवळाची घंटा काय!"

तो तुकडा मी खिशात घातला. घरी कोणाला काही सांगितलं नाही. पण मनात पक्कं झालं. सरकारनंच रुपयात अर्धी चांदी घातली, आणि आबा मला रीत शिकवतोय.

मग मी दर शनिवारी जायला लागलो. चांगला दुकानदार शोधला. शोधला म्हणजे असा, की ज्याच्याकडे लोक नाणं परत घेऊन भांडायला येत नव्हते त्याच्याजवळ बसलो. छत्रीखाली लाकडी पेटी घेऊन बसणारा एक काठेवाडी माणूस. त्याची नाणी प्लॅस्टिकच्या छोट्या छोट्या खिशांत असायची. पहिल्याच दिवशी मी एक रुपया बाहेर काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागलो, तर तो किंचाळला.

"काका, शुं करो छो! नाणं पुसायचं नसतं!"

"मळलंय."

"तो मळ नाही. त्याच्या वयाचा रंग आहे तो. तुम्ही पुसला की त्याची अर्धी किंमत गेली."

मला काही पटलं नाही. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेनं घासून रुपया आरशासारखा करायचे. हा म्हणाला, म्हणून तर तुमच्या लोकांकडून आलेलं नाणं मी लांबूनच ओळखतो. रोज घासून घासून राणीचं नाक गेलेलं असतं. मी म्हटलं, राणीचं नाक आमच्याकडे येऊन गेलं, ते चांगलंच झालं. तो हसला आणि चहा मागवला.

त्याच्याजवळ बसून मी जे शिकलो ते सांगतो, कोणाच्या कामी येईल. साच्यात ओतलेलं खोटं नाणं भिंगातून बघितलं की अंगावर बारीक छिद्रं दिसतात, चुलीवरच्या भाकरीला पडतात तशी. आणि काठावर एक शिवण असते, दोन अर्धे भाग जोडल्याची. खऱ्या नाण्याच्या काठाला शिवण नसते. ती शिवण मला भिंगाशिवाय कळायला लागली. लूमवर तुटलेला धागा डोळ्यांनी शोधत बसलं तर कापड वाया जातं, बोटानंच शोधावा लागतो. माझी म्हाताऱ्याची बोटं कानांपेक्षा बरी राहिली होती. राणीच्या रुपयावर आधी झिजतात ते कानावरचे केस, मग गाल, मग खांद्यावरच्या झग्याची फुलं. केस केसांसारखे दिसले तर किंमत चढते. केसांची नुसती टेकडी राहिली असेल तर उतरते. फुलंही गेली असतील तर नाणं चांदीच्या भावात विकायचं.

इथं माझं आणि त्याचं जमायचं नाही. तो न झिजलेला रुपया कापसात ठेवल्यासारखा दाखवायचा. "जुओ काका, कोणाच्या हाताला लागलेलाच नाही. पेटीतून पेटीत गेलेला." त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी. मी म्हणायचो, म्हणजे कोणाच्या उपयोगालाच आला नाही. ह्यानं कोणाचं औषध आणलं नाही, कोणाच्या पोरीच्या ओटीत पडला नाही. असला रुपया तुला महाग आणि हजार हात फिरलेला स्वस्त. तुझ्या शास्त्रात काहीतरी उलटं आहे.

"काका, नाणी जमवणारा शोखीन माणूस असंच बघतो."

"मग शोखीन माणसाला काही कळत नाही."

तो पुढचं नाणं काढायचा. गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं त्याला. माझंही तिथं जाणं नुसतं रुपयासाठी राहिलं नव्हतं, हे मान्य करतो. शनिवारी घरात बसून करायचं काय होतं? ज्या कोपऱ्यात साड्यांचे गठ्ठे असायचे तिथं आता सुनेनं कपडे धुवायचं मशीन ठेवलं होतं. ते सुरू झालं की जमीन हलायची आणि मला वाटायचं, कोणी मागून आलं.

वर्ष भरत आलं तेव्हा मी एक रुपया ठरवला. राणीचा, काठ साधा, केस स्वच्छ, वजन पुरं. मी म्हटलं हा दे.

त्यानं तो पुठ्ठ्याच्या डबीत घातला आणि सहज विचारलं, "घरी ठेवणार की मुलाला देणार?"

"सोनाराला देणार. टाक ठोकायचा आहे."

त्याचा हात डबीवर थांबला. "ठोकायचा? हा?"

"हा."

"मग मी देत नाही."

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. म्हणाला, "काका, एवढी वर्षं हे नाणं वाचलंय. महापूर आला, घरं गेली, तरी वाचलंय. आणि मी तुमच्या हातोडीखाली देऊ? मला पाप लागेल."

"तुझं दुकान आहे का देऊळ?"

"काय समजायचं ते समजा. हा नाही देणार."

मी खूप बोललो. जे बोललो त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. शेजारचा कुलूपवाला मध्ये पडला. एका माणसानं मला माझ्या बायकोचा टाक पितरांशेजारी बसवायचा नाही म्हटलं होतं, आणि दुसरा म्हणत होता चांदीच देत नाही. वर्षभर मी ज्या रागावर उभा होतो तो सगळा त्या छत्रीखाली ओतला. शेवटी दम लागला आणि त्याच्याच स्टुलावर बसलो.

त्यानं पाण्याची बाटली दिली. थोड्या वेळानं विचारलं, "कोणाचा टाक?"

मी सांगितलं. माळेचंही सांगितलं, कसं ते मला ठाऊक नाही, निघून गेलं तोंडातून.

तो उठला आणि पेटीमागून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "हे बधुं, सगळं भंगार. भोक पाडलेले, कडी डाखलेले, तुमच्याकडच्या बायकांच्या गळ्यातले. ह्यांना शोखीन हात लावत नाही. मी चांदीच्या भावात गाळायला देतो. ह्यातला घ्या, मला वाईट वाटणार नाही."

डब्यात हात घातला तर वर कड्यांचे तुटके कोंब बोटांना टोचले. त्याच्या शास्त्रात हा सगळा खराब माल होता. मी एकेक काढून बघायला लागलो. ह्या रुपयांची एक गंमत मला तेव्हा कळली. एका बाजूला राणीचं तोंड अगदी ताजं असायचं, केस न् केस दिसायचा, आणि दुसरी बाजू, जिच्यावर फुलांची वेल आणि अक्षरं असतात, ती गोट्यासारखी गुळगुळीत. घासून असं होत नाही. घासलं तर दोन्हीकडून जातं. ही बाजू छातीला लागून असायची. भाकरी थापताना, निंदताना, पोराला पाजताना ती बाजू अंगावर सरकत राहिली आणि अंगानंच झिजली.

मी असा एक निवडला ज्याची मागची बाजू पार गेली होती. अक्षर नाही, वेल नाही.

"हा?" तो म्हणाला. "ह्याचं वजनही कमी भरणार. डाखाचं पितळ वेगळं कापायला लागेल."

"कमी भरू दे."

"काका, ह्यापेक्षा बरे आहेत डब्यात."

"तू तुझे बरे मला दिले नाहीस. आता माझा बरा मी निवडतो."

तो तिच्या माळेतला होता असं मी म्हणत नाही. तसा योग कथेत येतो. कुठल्या गावच्या, कुठल्या बाईच्या गळ्यातला, देव जाणे. पण कोण्या एका बाईच्या अंगावर जन्मभर राहिलेला होता, एवढं माझ्या बोटांना पक्कं कळलं, आणि मला तेवढं पुरे होतं.

सोनारानं आधी कडीचा कोंब आणि डाख कानशीनं काढून टाकला. मग विस्तव, मग ऐरण. ह्या वेळी चांदी पसरली. कुठे चीर नाही. पातळ झाली, गोल झाली, राणी त्यातच कुठेतरी विरघळली. सोनार खुशीत आला.

"दाजी, आता बोला. ताईचे हात जोडू का? सगळ्यांचे जोडलेले असतात."

"कोणापुढे जोडायचेत? नको."

"मग हातात कमळ देतो. कमळ शोभतं."

"कमळ काय करायचंय तिला? कात्री दे."

"काय?"

"कात्री. धागे कापायची, छोटी. तिच्या बोटांत कायम असायची ती."

सोनारानं छिन्नी खाली ठेवली. "टाकात तलवार बघितली, कलश बघितला, नांगरसुद्धा बघितला. कात्री कोणी देतं का? लोक हसतील हो."

"हसले. दहाव्यालाच हसून झालं त्यांचं. तू कात्री कर."

त्यानं केली. फार चांगली झाली असं नाही. नथ मात्र छान झाली, आणि डोळे जरा मोठे, गावाकडच्या देवीसारखे. मी म्हटलं चालेल. मुलाचंही खरं होतं, टाकात कोणी कोणासारखं दिसत नाही. पण चांदी खरी, आणि हातात तिची कात्री.

वर्षश्राद्धाला आबा आला. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून देव्हाऱ्यासमोर बसला. मी ताटात पितरांचे टाक मांडले होते आणि शेजारी हा. त्यानं हा उचलला, डोळ्यांपासून लांब धरला.

"हाई काय शे हातमा? इचू?"

"कात्री आहे."

"माले तर इचू दिसस."

"विंचू म्हण. पण बसणार इथंच, वडलांच्या शेजारी."

आबानं टाक ताटात परत ठेवला. आता तो हळू बोलत होता, आणि मला त्याच्या ओठांकडे बघावं लागत होतं. म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही. उद्या प्रत्येक जण बायकोचे टाक आणून बसवेल. पितरांना राग येईल, पोराबाळांना भोगावं लागेल. भावकीत तोंड कसं दाखवायचं?

मी म्हटलं, "आबा, ह्या पितरांना एवढी वर्षं आंघोळ कोणी घातली? तू घातलीस? तुझ्या सुनेनं घातली? ज्या हाताकडून रोज हळदकुंकू लावून घेतलं त्या हाताशेजारी बसायला त्यांना लाज वाटते का? वाटत असेल तर तसले पितर मला नकोत."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातली पळी तशीच राहिली. मुलगा म्हणाला, "पप्पा, काय बोलताय!"

आबानं खांद्यावरचा पंचा काढून जमिनीवर पसरला. एकेक टाक उचलून त्यात ठेवायला लागला. आजोबा, वडील, चुलते, सगळे. मुलगा घाईघाईनं पुढे झाला. "आबा, थांबा ना. पप्पा, तुम्ही तरी थांबवा. ह्यांना आज दुखतंय म्हणून बोलले ते."

"दुखतंय म्हणून नाही बोललो," मी म्हटलं. "नेऊ दे. त्याच्या घराला आता गेट आहे, जागा आहे. सुनेला सांग आबा, रोज आंघोळ घालावी लागते."

आबानं पंचाची गाठ मारली. जेवला नाही. आमच्यात श्राद्धाच्या घरून उपाशी जाणं म्हणजे संबंध तोडल्यासारखंच. मी रिक्षा थांबेपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो, कारण तो मोठा आहे आणि त्याचे गुडघे धरलेत. बसताना त्याच्या हाताला आधार दिला. त्यानं घेतला. रिक्षा उधना स्टेशनाकडे वळली. माझ्या बापाचा टाक गेला, हे घरी येऊन बसल्यावर जाणवलं. जे गेलं ते गेलं. खोटं कशाला बोलू, रात्रभर गेलं ते टोचत राहिलं.

मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याला उद्या समाजात पोरांची लग्नं करायची आहेत, त्याचं भय मला कळतं. पण मी माफी मागायला गावी जाणार नाही. मागितली, तर हा टाक काढून ठेवावा लागेल, आणि तो मी काढणार नाही. मी मेल्यावर माझा टाक आबाकडे नेऊन त्या रांगेत बसवायचा विचार कोणी केला तर आत्ताच नाही म्हणून ठेवतो. सोनाराला मी सांगून आलोय. अजून एक रुपया आणून ठेवीन, कडीवालाच, आणि मला बसवायचं ते इथं.

आता सकाळी देवपूजा मी करतो. कधी केली नव्हती. दूध ताटाबाहेर जातं, कुंकू नथीत अडकतं. काल सून मागून बघत होती, म्हणाली, "बापूजी, धीरे. त्यांच्या डोळ्यांत जाईल."

म्हटलं, जाऊ दे. बोलेल ती, काही झालं तर.